२०११ रेटिंगच्या मुलानं दिलेला ड्रॉ नाकारला आणि चाळीस चालींनी घोडा देऊन अर्धा गुण मिळवला – तीन प्रश्न

औषधवाली_धनकवडी

माझं फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग १६३४, समोरच्याचं २०११. नववी म्हणजे शेवटची फेरी, दोघांचेही आठ डावांत साडेपाच गुण. वेळ दीड तास आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद. मी काळ्याकडून. मुलगा यंदा दहावीला आहे. पटावर अतिशय नीट वागणारा आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल इथे कुणी वेडंवाकडं लिहू नये ही विनंती.

डाव कारो-कान, म्हणजे काळ्याची एक ठरलेली सुरुवात. त्याच्याकडे डी४ वर एकटं, म्हणजे शेजारच्या पट्ट्यांवर आधाराला प्यादं नसलेलं, प्यादं राहिलं आणि माझा घोडा बरोबर त्याच्यापुढे डी५ वर येऊन बसला. एकट्या प्याद्याविरुद्ध खेळायचं तर आधी त्याच्या पुढचं घर धरायचं, हे ज्यांनी घोकलंय त्यांना माझा आनंद कळेल. तेविसाव्या चालीपर्यंत काळ्या घरांचे उंट आणि घोड्याची एक जोडी बदलून झाली होती. त्याच्या हल्ल्यातला दम गेला होता आणि मला डी४ वर सावकाश दाब वाढवता येणार होता. माझ्याकडे ३८ मिनिटं होती, त्याच्याकडे २९. मी विचार करत बसले असताना त्यानं हळूच विचारलं, "ड्रॉ?"

मी थोडा वेळ पटाकडे बघितलं आणि "खेळते" म्हणाले. शौर्य वगैरे काही नव्हतं. दिवसभर दुकानात औषधं देऊन रात्री साडेनऊनंतर मी पट मांडते. असली स्थिती मला पुस्तकात दिसते, २०००च्या वरच्या माणसासमोर प्रत्यक्ष हाताखाली येत नाही. ती अर्ध्यावर सोडून उठणं मला पटेना.

पुढे तो फार छान खेळला. तिसाव्या चालीनंतर त्यानं राजाच्या बाजूनं रेटा लावला, माझी दोन प्यादी गेली. एकेचाळिसाव्या चालीला मी हत्ती बदलले. हा निर्णय मी पूर्ण विचार करून घेतला. त्याचा उरलेला उंट पांढऱ्या घरांचा होता, त्याची चांगली प्यादी जी आणि एच पट्टीवर होती, आणि एच८ हे घर काळं आहे. पट्टी एच असेल आणि वजीर व्हायचं घर उंटाच्या रंगाचं नसेल, तर काळा राजा कोपऱ्यात जाऊन बसला की पांढऱ्याला एक अख्खा उंट जास्त असूनही जिंकता येत नाही. म्हणून मी ठरवलं की वजिराच्या बाजूची सगळी प्यादी बदलून टाकायची आणि त्याचं जी-चं प्यादं कसंही करून घोड्याच्या बदल्यात काढायचं.

एकसष्टाव्या चालीनंतर पट असा होता. पांढरा: राजा एफ४, उंट डी३, प्यादी जी४ आणि एच३. काळा: राजा जी७, घोडा एफ६. बाकी काही नाही. चाल पांढऱ्याची. तो एच४ खेळला. मी घोड्यानं जी४ चं प्यादं मारलं, राजानं घोडा घेतला, आणि मग मी एच८, जी८, जी७ या तीन घरांत फिरत राहिले. तो बराच वेळ खेळत राहिला. शेवटी त्याचं प्यादं एच७ वर, राजा जी६ वर, माझा राजा एच८ वर, चाल माझी, आणि हलायला घर नाही. कोंडी, म्हणजे बरोबरी. साडेचार तास झाले होते.

बाहेर चहाच्या टपरीवर दोन मतं ऐकली. एक, "वरच्यानं ड्रॉ दिला होता तेव्हाच हात पुढे करायचा, उगाच जिवाला घोर." दुसरं, "त्यानं सोडला म्हणून सुटलीस." दुसरं मत मला लागलं, खरं सांगते. म्हणून विचारते.

तेविसाव्या चालीला नाकारणं बरोबर होतं का, आणि पुढच्या वेळी असं झालं तर मी कशाच्या आधारावर ठरवावं? अंत्यडाव खरंच त्याला जिंकता येत होता का, आणि कुठे? आणि घोडा दिल्यावर तो उगाच खेळत राहिला तेव्हा मला डाव थांबवायचा काही हक्क होता का?

कोथरूड_६४

अभिनंदन ताई! पण मीही टपरीवाल्यांच्याच बाजूचा. पावणेचारशेनं वरचा माणूस शेवटच्या फेरीत हात पुढे करतोय, तर घ्यावा. बक्षिसाच्या यादीत अर्धा गुण म्हणजे बऱ्याच जागा असतात. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या पुण्यातच महिला ग्रांप्री झाली, तिथे आपली कोनेरू हम्पी आणि चीनची झू जिनर दोघींचे नऊ डावांत सात गुण झाले आणि पहिला क्रमांक टायब्रेकवर, म्हणजे समान गुण फोडायच्या नियमावर, ठरला. तिथे कुणाच्याही एखाद्या ड्रॉनं चित्र पालटलं असतं. अर्ध्या गुणाला हलकं समजू नका एवढंच.

अंत्यडाव_सिंहगडरोड

ताई, तुम्ही पट नीट लिहून दिलात म्हणून बरं वाटलं. मी मुलांना शिकवतो आणि "सर, मी ड्रॉ केला" असं सांगणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना शेवटची स्थिती आठवत नसते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तरही तिथेच आहे.

एकसष्टाव्या चालीनंतरची स्थिती पांढऱ्यासाठी जिंकणारी आहे. पण ती आपोआप जिंकली जात नाही आणि सगळी गंमत त्या एच३ च्या प्याद्यात आहे. ते एच३ वर उभं आहे तोवर जी४ ला प्याद्याचा आधार आहे. तुम्ही तेव्हा घोडा जी४ वर दिलात तर तो राजानं घेणार नाही, एच३ चं प्यादं घेईल. मग उरतं जी पट्टीवरचं प्यादं. जी-च्या प्याद्याला उंटाचा रंग आडवा येत नाही, तो सरळ जिंकतो. म्हणजे एच३ वर प्यादं असताना तुमच्या बलिदानाला किंमत शून्य.

एच४ खेळल्याबरोबर तो आधार गेला. आता जी४ ला फक्त राजा सांभाळतोय. घोडा पडतो, राजा घेतो, आणि उरतं एच-चं प्यादं, चुकीच्या रंगाचा उंट आणि कोपऱ्याशेजारी उभा असलेला काळा राजा. इथे कास्पारोव्ह बसवा नाहीतर संगणक बसवा, बरोबरीच.

मग त्यानं काय खेळायला हवं होतं? आधी जी५. नेमक्या त्याच क्षणी, कारण तुमचा घोडा एफ६ वर आहे आणि तिथून जी५ मारता येत नाही. जी५ नंतर तुम्ही घोडा एच५ वर शह देऊन नेलात तर राजा जी४ वर येतो आणि घोड्याला पळायला घर नाही: एफ४ आणि जी३ ला राजा खातो, एफ६ ला प्यादं खातं. तुमचा राजा जी६ वर येऊन त्याला आधारही देऊ शकत नाही, कारण डी३ चा उंट ते घर बघतोय. घोडा डी५ वर शह देऊन गेला तर राजा जी४ वर जातो, पुन्हा ई३ वर शह दिलात तर एफ३ वर येतो, आणि तुमचे शह संपले की एच४. आता पुन्हा मागचं प्यादं पुढच्याला धरून आहे, फक्त एक पायरी वर. जी५ वर घोडा दिलात तरी एच-चं प्यादं घेणार आणि जी पट्टीवर येणार. मला तरी काळ्याला वाचवणारी चाल सापडली नाही. पटावर एकूण सहाच मोहरी आहेत, टेबलबेस (संगणकानं आधीच पूर्ण सोडवून ठेवलेल्या अंत्यडावांचा संग्रह) सात मोहऱ्यांपर्यंतचं अचूक उत्तर देतो, त्यामुळे तुम्ही स्वतः स्थिती घालून बघा. माझ्या शब्दावर राहू नका.

आणि घोडा एफ६ ऐवजी एफ७ वर असता तर गोष्ट वेगळी झाली असती. तेव्हा जी५ खेळला की घोडा तिथेच पडतो, एच-चं प्यादं अजून एच३ वरच, आणि पुन्हा तीच बरोबरी. म्हणजे पांढऱ्याला प्रत्येक ढकलीआधी घोडा कुठे आहे हे बघावं लागतं. हे सगळं त्यानं तीस तीस सेकंदांत, चार तासांनंतर करायचं होतं.

आता "त्यानं सोडला म्हणून सुटलीस" या वाक्याकडे येतो. हे वाक्य मी फार वर्षं ऐकतोय आणि मला ते अजिबात मान्य नाही. तो एच४ का खेळला? कारण कुठल्याही चांगल्या खेळाडूला शिकवलेलं असतं की प्यादं पुढे ढकलण्याआधी त्याला आधार तयार करावा. एच४, मग जी५. निरोगी, सवयीची चाल. सवयीची चाल जिथे चुकते अशी जागा पटावर तयार कुणी केली? एकेचाळिसाव्या चालीला हत्ती तुम्ही बदललेत, उंटाचा रंग बघून. बाजूची प्यादी तुम्ही साफ केलीत. राजा जी७ वर तुम्ही आणून ठेवलात. घोडा एफ६ वर, जी४ कडे तोंड करून, तुम्ही ठेवलात. त्याला जिंकायला अरुंद वाटच उरेल इतकं तुम्ही त्याला कोंडीत पकडलंत. हरणाऱ्या स्थितीतला बचाव म्हणजे हेच काम. चूक त्याच्या हातून झाली, पण बरोबरी तुमची आहे.

एक बारीक गोष्ट तुम्ही न सांगता बरोबर केलीत: एफ८ ला पाय ठेवला नाहीत. या अंत्यडावात हरायचा तो नेहमीचा मार्ग. राजा एफ८ वर गेला, पांढऱ्याचा राजा जी६ वर आला आणि उंटानं जी८ धरलं, की कोपरा कायमचा बंद. माझ्या वर्गातली मुलं इथेच घसरतात, "एकच चाल बाहेर जातो, परत येतो" म्हणत.

राहिला पहिला प्रश्न. मी असतो तर मीही "खेळतो" म्हणालो असतो. एकट्या प्याद्यासमोर बसलेला घोडा ज्यानं दोन हजारांच्या माणसाविरुद्ध साडेचार तास खेळून बघितला, त्याला ती स्थिती पुस्तकातली पन्नास उदाहरणं वाचलेल्यापेक्षा जास्त कळते.

आकडेमोड_कर्वेनगर

सरांचं विश्लेषण सुंदर. मी फक्त हिशोब मांडतो, कारण "कशाच्या आधारावर ठरवावं" असं ताईंनी विचारलंय आणि आधार आकड्यांचाही असतो.

फरक ३७७. फिडेच्या तक्त्यात या फरकाला खालच्या खेळाडूकडून अपेक्षित गुण ०.०९ आणि वरच्याकडून ०.९१. ताईंना मिळाले ०.५, म्हणजे अपेक्षेपेक्षा ०.४१ जास्त. त्यांचा के (एका डावानं रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक) २० धरला तर रेटिंग ८.२ नं वाढणार. मुलाचा के मात्र ४०, कारण वयाची अठरा पूर्ण होतात त्या वर्षाच्या शेवटापर्यंत, रेटिंग २३००च्या खाली असेल तर, के ४० राहतो. त्याचे जाणार १६.४. एकाच डावात एकाला जेवढं मिळालं त्याच्या दुप्पट दुसऱ्याचं गेलं. तरीही त्यानं तेविसाव्या चालीला स्वतःहून ड्रॉ विचारला होता. म्हणजे तेवढे पॉइंट गमवायला तो तेव्हाच तयार होता. यावरून त्याला स्वतःची स्थिती किती आवडत होती ते समजा.

०.०९ चा अर्थ पुष्कळ जण "नऊ टक्के जिंकण्याची शक्यता" असा लावतात. तसा तो नाही. शंभर डावांत नऊ गुण, एवढाच. ते नऊ विजय असू शकतात, किंवा एकही विजय नसताना अठरा बरोबऱ्या असू शकतात. एवढ्या फरकाला खालच्या खेळाडूचे गुण बऱ्याचदा बरोबरीच्या वाटेनंच येतात. म्हणून बरोबरी कशी राखायची हे शिकणं हा १६००च्या खेळाडूचा मुख्य अभ्यास असायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीच्या चालींवर जेवढा वेळ जातो त्याच्या निम्मा तरी तिथे जावा.

नुसते आकडे बघितले तर मात्र मी कोथरूडकरांच्या बाजूनं. खेळत राहणं फायद्याचं ठरायला त्या स्थितीतून तुमचा अपेक्षित गुण अर्ध्याहून जास्त हवा. स्थिती थोडी बरी असली तरी समोर २०११ आहे, आणि तसा माणूस पुढच्या चाळीस चालींत तुमच्यापेक्षा कमी चुका करतो. तेच झालंही. सर म्हणतात शिकायला मिळालं, ते खरंच. पण शिकणं आणि गुण हे दोन वेगळे हिशोब आहेत. त्या दिवशी आपण कुठला लावतोय हे बसण्याआधी ठरवलेलं असावं.

हॉस्टेलचा_हत्ती

मी १९, रेटिंग २०९० च्या आसपास, म्हणजे बहुतेक वेळा मी त्या मुलाच्या खुर्चीत असतो. तिकडून कसं दिसतं ते सांगतो.

आम्ही खालच्या रेटिंगच्या खेळाडूला ड्रॉ विचारतो तेव्हा बहुतेकदा पट आवडत नसतो. घड्याळ मागे असतं, किंवा आपला हल्ला संपलाय हे समोरच्याच्या आधी आपल्याला कळलेलं असतं. तुमच्या बाबतीत दोन्ही होतं. प्रस्ताव आला की मी माझ्या धाकट्या भावाला हेच सांगतो: त्याचं रेटिंग विसर आणि "यानं आत्ताच का विचारलं?" एवढंच स्वतःला विचार. उत्तर पटावर सापडलं तर खेळ. सापडलं नाही, तर घेऊन टाक.

आणि उलट्या बाजूचा त्रासही असतो. वरच्याला बरोबरी फार टोचते. हातातून पॉइंट गेले की माणूस नसलेला विजय शोधायला लागतो. १९७२ मध्ये रेक्याविकला जगज्जेतेपदाच्या सामन्यात पहिल्याच डावात सरळ बरोबरीच्या अंत्यडावात फिशरनं उंटानं एच२ चं प्यादं खाल्लं, उंट अडकला आणि डाव गेला. रेटिंग फिशरचं जास्त होतं, स्पास्कीचं कमी. म्हणून घोडा दिल्यावरही तो मुलगा खेळत राहिला याचा राग धरू नका. तो तुमचा अपमान करत नव्हता, तुम्ही एकदा एफ८ ला जाताय का हे बघत होता. मीही बघितलं असतं.

त्याच रेक्याविकमध्ये २००४ साली जलद डावात कास्पारोव्हला तेरा वर्षांच्या कार्लसननं बरोबरीत रोखलं होतं. दुसरा डाव कास्पारोव्हनं जिंकला. तरी लोकांच्या लक्षात कुठला राहिला बघा.

पंच_चिंचवड

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभा असतो आणि यावर गैरसमज फार आहेत.

ड्रॉ विचारायची रीत अशी: आधी पटावर चाल करायची, मग प्रस्ताव द्यायचा, मग घड्याळ दाबायचं. तुमच्या वेळेत, तुम्ही विचार करताना विचारलेला प्रस्तावही वैध असतो. पण तो तुमचं लक्ष विचलित करणं ठरू शकतो आणि पंच त्यावर ताकीद देऊ शकतो. मुलगा नीट वागणारा होता असं तुम्ही म्हणता, तर त्याला कुणी सांगितलेलं नसणार. सांगायला हवं. प्रस्ताव एकदा दिला की त्याला परत घेता येत नाही. तुम्ही तोंडी नकार देईपर्यंत किंवा खेळायच्या उद्देशानं मोहऱ्याला हात लावेपर्यंत तो उभाच असतो. म्हणजे तुम्हाला तुमच्या घड्याळावर दहा मिनिटं निवांत विचार करायचा हक्क होता. आणि प्रस्ताव कुणीही दिला तरी दोघांनी आपापल्या स्कोअरशीटवर त्या चालीपुढे (=) अशी खूण करायची असते.

घोडा दिल्यावर डाव आपोआप संपत नाही. नियमानं डाव तिथेच संपवायचा तर स्थिती अशी हवी की कुठल्याही वैध चालींनी, अगदी समोरच्यानं मदत केली तरी, कुणालाच मात करता येणार नाही. इथे पांढऱ्याकडे प्यादं आहे, तुमचा राजा भरकटला तर वजीर होऊन मात होऊ शकते. म्हणून पंच मध्ये पडू शकत नाही. तीस सेकंदांची भर असलेल्या डावात "तो जिंकायचा प्रयत्नच करत नाही" अशी तक्रार करून बरोबरी मागायचीही सोय नाही.

पण दोन दावे तुमच्या हातात होते. तीच स्थिती, चालही त्याच खेळाडूची, अशी तिसऱ्यांदा येणार असेल तर. किंवा दोघांच्या सलग पन्नास पन्नास चालींत एकही प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही तर. दावा करताना चाल पटावर खेळायची नाही. स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं, पंचाला बोलवायचं. आधी मोहऱ्याला हात लावलात तर त्या चालीपुरता हक्क गेला. दावा चुकीचा निघाला तर समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि तुम्हाला लिहिलेली चाल खेळावी लागते. तुमच्या डावात तो अधूनमधून एच-चं प्यादं ढकलत होता, त्यामुळे पन्नासची मोजणी दर वेळी पुन्हा शून्यावर गेली असेल. तीनदा तीच स्थिती मात्र नक्की तपासून बघा, राजा तीन घरांत फिरत असताना ती बरेचदा येऊन जाते. पाचव्यांदा आली, किंवा पंचाहत्तर चाली झाल्या, की दाव्याची गरज नाही, डाव आपोआप बरोबरीत.

औषधवाली_धनकवडी

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, रात्री स्थिती घालून बघितली. जी५ खरंच जिंकतं, आणि एच४ नंतर फक्त बरोबरी. घोडा एफ७ वर ठेवून जी५ खेळून बघितलं, तिथेही तुम्ही म्हणता तसंच. आता मी पांढऱ्याकडून बसून हे जिंकायचा सराव करणार आहे, कारण उद्या मीही दोन प्यादी वर असू शकते.

स्कोअरशीट काढली. सत्तराव्या आणि शहात्तराव्या चालींच्या दरम्यान, एच-चं प्यादं एच५ वर उभं असताना, तीच स्थिती तीनदा आलेली दिसते. पंच सर, मला ते तेव्हा लक्षात आलं नाही, लिहीत मात्र प्रत्येक चाल होते, म्हणून आता सापडलं.

आकडेमोडकर, तुमचा हिशोब मला पटला आणि तरीही मी पुढच्या वेळी तशी स्थिती आली तर खेळेन. ८.२ पॉइंट आनंदानं घेते. पण मी नोकरी सांभाळून स्पर्धेला जाते ती बसून खेळण्यासाठी. तेविसाव्या चालीला उठले असते तर घोड्याचं हे बलिदान माझ्या आयुष्यात आलंच नसतं, आणि त्या मुलाच्याही. कोथरूडकरांचंही बरोबर आहे, बक्षिसाची यादी मी बघितली, तेवढ्याच अर्ध्या गुणानं मी महिलांच्या बक्षिसात आले. तो एका मार्गानं आला की दुसऱ्या, याद्यांना फरक पडत नाही. मला पडतो.

हत्ती, "आत्ताच का विचारलं" हा प्रश्न मी वहीत लिहून घेतलाय.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. मी "खेळते" म्हणाले ते ठीक. पण परवा एका काकूंना प्रस्ताव आला तेव्हा त्या "बघू थोडं" म्हणाल्या, मग पाचेक मिनिटांनी "बरं, ड्रॉ" म्हणाल्या, आणि समोरचे गृहस्थ म्हणाले की तुम्ही आधीच नाकारलात. हे कसं धरायचं?

पंच_चिंचवड

"बघू थोडं" हा नकार नाही. त्यांनी मोहऱ्याला हात लावला नसेल तर प्रस्ताव उभा होता आणि त्यांनी "ड्रॉ" म्हणताच डाव बरोबरीत संपला. त्या गृहस्थांना तो मागे घेता येत नव्हता. अशा वेळी वाद न घालता घड्याळ थांबवून लगेच पंचाला बोलवावं, आणि स्कोअरशीटवर (=) ची खूण असेल तर पंचाचं काम सोपं होतं. काकूंना सांगा की पुढच्या वेळी एकच शब्द वापरा: घ्यायचा असेल तर "घेते", नाहीतर "खेळते". आणि विचार करायचा असेल तर काहीच बोलू नका, फक्त हात मांडीवर ठेवा.